वाळूत चालायचा सराव

सावदा
३ डिसेंबर २०२४

कामे,

आधी बातमी सांगते, खुशाली मागून विचारते. मी परदेशात जाऊ राहिले! तुझी सातवी पास अक्का, जी आजवर नाशिकच्या पुढे गेली नाही, ती विमानात बसणार आहे.

झालं असं. हेमराजची केळी ओमानला जातात ना, तिथल्या व्यापाऱ्यानं इकडच्या शेतकऱ्यांना बोलावलंय. जळगावचा एक सहलवाला सगळ्यांना घेऊन जाणार. चार रात्री, पाच दिवस, फेब्रुवारीत. पुरुषमंडळी बाजार बघणार आणि बायांना गाइड वाळवंट आणि समुद्र दाखवणार. हेमराजनं नाव भाविकाचंच दिलं होतं, पण तिला पाचवा महिना लागला. वाळूत जीप फार हादरते म्हणून डॉक्टरनं नको सांगितलं. मग सूनबाईच म्हणाली, "आई, तुम्ही जा. पासपोर्ट काढून ठेवलाय, तो काय लोणचं घालायला?"

एका खोलीत दोघी असतात. माझ्याबरोबर अनवरी आहे, आमच्या शेजारच्या गनीशेठची बायको. तू पाहिलीयस तिला हेमराजच्या लग्नात.

आता काम तुझ्याकडे. तू आपल्या घरातली भूगोलाची बाई, तुझ्याशिवाय मी कुणाला विचारू? सहलवाल्यानं कागद दिलाय, त्यात लिहिलंय की वाळूच्या टेकड्या चढायच्या आहेत, तरी चालायचा सराव करावा. वाळूची टेकडी म्हणजे नेमकी केवढी असते? पाय रुतला तर काढायचा कसा? कपडे कोणते न्यावे? सगळं बैजवार लिही. पत्रातच लिही. फोनवर मला आता काही ऐकू येत नाही, कानातलं मशीन शिट्टी वाजवतं, आणि मोबाईलवरची अक्षरं मुंग्यांसारखी पळतात.

आणखी एक, हे तुझ्यापाशीच ठेव. कार्तिकी एकादशीला मला बागेत चक्कर आली. केळीच्या बुडाशी दहा मिनिटं डोळे मिटून पडले होते. भाविकानं पाहिलं. तिला शपथ घातलीय, हेमराजला सांगायचं नाही. उपासामुळे झालं असेल. तू दूर आहेस म्हणून तुला सांगितलं, नाहीतर पोटात ठेवून ठेवून तेच दुखायला लागलं असतं.

जितेंद्ररावांना विचारलं म्हणून सांग.

तुझी अक्का

*

धुळे
९ डिसेंबर २०२४

अक्का,

पत्र मिळालं. खूप आनंद झाला. जितेंद्रना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "अक्कांनी बाजी मारली." मी म्हटलं, हो, मारली.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं देते. वाळूची टेकडी वाऱ्यानं होते. वारा ज्या बाजूनं येतो तिकडचा उतार लांब आणि सोपा असतो, पलीकडचा उभा असतो आणि तिकडून वाळू घसरते. चंद्रकोरीसारखी जी टेकडी असते तिला बारखाण म्हणतात. तिची दोन टोकं वारा जातो त्या दिशेला असतात. टेकडी जागेवर राहत नाही, दरवर्षी थोडी पुढे सरकते. एकतीस वर्षं ही आकृती मी फळ्यावर काढली आहे. आठवीच्या मुली म्हणायच्या, बाई, तुम्ही पाहिलीय का? मी म्हणायचे, आधी आकृती वहीत काढा.

चढताना सोप्या बाजूनं चढ. तिरकं चढ, सरळ नको. बूट बंद असावेत. सुती आणि अंगभर कपडे ने, सकाळ-संध्याकाळ थंडी असते म्हणून एक शाल घे. साडी सोयीची नाही, पण तुला दुसरं काही जमेल असं वाटत नाही.

अनवरी मला आठवत नाही. शेजारीण म्हणजे चांगलीच असेल. मला क्षणभर वाटलं होतं की खोलीत दोघी आहेत तर तू मला विचारशील. अर्थात तुमच्या केळीवाल्यांच्या सहलीत माझं काय काम. मी रागावलेले नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण तू उगाच मनाला लावून घेतेस.

चक्करेचं काळजीचं आहे. दुर्लक्ष करू नकोस.

कामिनी

*

सावदा
१६ डिसेंबर २०२४

कामे,

तुझं पत्र अनवरीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आपकी बहन तो पूरी किताब है." आम्ही त्या चंद्रकोरीची आकृती मिसबाहच्या वहीत काढून घेतली. मिसबाह म्हणजे अनवरीची नात, कॉलेजात जाते. तिनं आम्हाला अरबीत पाणी कसं मागायचं ते शिकवलंय. माझ्याकडून 'मोया' म्हणताना 'माय' होतं आणि दोघी हसून लोळतात.

सराव चालू आहे! आठवड्यातून तीनदा सकाळी गनीशेठच्या गाडीतून तापीच्या पात्रात जातो. पहिल्या दिवशी पन्नास पावलांत धाप लागली. अनवरीनं शोधून काढलं की टाच आधी टेकवली तर पाय जास्त रुततो, चवडा टाकून चालायचं. आता पाऊण तास चालतो. नदीवर म्हशी घेऊन येणारा झुलाल विचारत होता, "अक्का, काही हरवलं का? बठ्ठं पात्र, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पायानं चाळू राहिल्या." आम्ही सांगितलं, हो, वय हरवलंय.

आणि ऐक. भाविकानं मला दोन पंजाबी ड्रेस शिवून घेतले. एक शेवाळी, एक पिवळा. पहिल्या दिवशी घालून अंगणात आले तर मलाच पाय कुठं ठेवू असं झालं. आता तर साडी नेसले की बांधून घातल्यासारखं वाटतं. भुसावळहून बूटही आणले. केळीचे वेफर, दशम्या आणि लसणाची चटणी न्यायची ठरलीय. अनवरी खजुराची पोळी करणार आहे. मी म्हटलं, बाई, खजुराच्या गावाला खजूर कसला नेते.

तुला विचारलं नाही म्हणालीस. अगं, मनात आलं होतं. पण तुझे गुडघे. दिवाळीत तू जिना उतरताना भिंत धरत होतीस. वाळूत तुझे हाल झाले असते.

चक्कर पुन्हा आली नाही. कुणाला बोलू नकोस म्हणजे झालं.

तुझी अक्का

*

धुळे
२२ डिसेंबर २०२४

अक्का,

माझे गुडघे ठीक आहेत. दिवाळीत मी भिंत धरली कारण तुमच्या जिन्याचा बल्ब गेला होता. पांझरेच्या काठानं मी रोज चार किलोमीटर चालते, हे तुला माहीत नसेल, कारण तू विचारलं नव्हतंस.

तुझ्या सहलीची मी थोडी माहिती काढली. तुला कुणी नीट सांगितलं आहे की नाही कोण जाणे. तिथं जीपच्या चाकांतली हवा कमी करतात आणि गाडी उभ्या उतारावर आडवी चालवतात. चांगल्या धडधाकट माणसांना उलट्या होतात. वारा सुटला तर बारीक वाळू नाकाकानात जाते. तुझ्या कानातल्या मशीनमध्ये गेली तर ते बंदच पडेल, मग परक्या मुलखात तुला कुणी हाक मारली तरी कळणार नाही. मुक्काम वाळवंटातल्या तंबूंत आहे. दवाखाना केवढ्या लांब असेल याचा विचार केला आहेस का? नदीच्या सपाट पात्रात चालणं वेगळं, अक्का. तो काही सराव नव्हे.

पिवळा ड्रेस घालून तू कशी दिसत असशील ते डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. आपल्या आईनं पाहिलं असतं तर काय म्हणाली असती?

चक्कर आलेली असताना असं लपवून जाणं बरोबर नाही. तू हेमराजला सांगून टाक. मी तुझ्या भल्याचं सांगते.

कामिनी

*

सावदा
४ जानेवारी २०२५

कामे,

रात्री दिव्याखाली लिहितेय, अक्षर लावून वाच.

माझं जाणं रद्द झालं. हेमराजला चक्करेचं कळलं. एकतीस तारखेला तो जेवायच्या ताटावरून उठून माझ्यासमोर उभा राहिला आणि ओठ दिसतील असं मोठ्यानं म्हणाला, "माय, तू बागेत पडली होतीस का?" मला खोटं बोलता आलं नाही. मग तो म्हणाला, जायचं नाही, तिथं काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? नाव मागे घेता येत नाही, बदलता येतं. तर माझ्याऐवजी बेबाबाई जातील. बेबाबाई म्हणजे भाविकाची आई, चाळीसगावची. त्यांचा पासपोर्ट मुलाकडे दुबईला जाताना काढलेलाच आहे.

आता तूच सांग. चक्कर मला एकटीला आणि भाविकाला माहीत होती. तू तर दूर. मग सांगितलं कुणी? आणि फायदा कुणाच्या आईचा झाला? मी दुधखुळी नाही. मी तिला सगळ्यांसमोर बोलले. म्हटलं, शपथ मोडलीस ती मोडलीस, पण आईला विमानात बसवायला सासूला आजारी पाडलंस. ती एक शब्द बोलली नाही. माझ्याकडे बघत राहिली. मला तर तो कबुलीजबाबच वाटला. दुसऱ्या दिवशी भावाला बोलावून ती चाळीसगावला निघून गेली. पाचव्यावरून सहावा लागलाय तिला. हेमराज माझ्याशी बोलत नाही, मी त्याच्याशी बोलत नाही. दोन माणसं दोन वेळा आपापलं ताट वाढून घेतो.

बूट खोक्यात घालून माळ्यावर टाकले. अनवरी रोज येऊन बसते. ती म्हणते, सुनेला एकदा नीट विचारा. मी म्हटलं, ती तुझी सून असती तर कळलं असतं.

बेबाबाई तो समुद्र बघणार. डोळे मिटले की मला त्या बाई वाळूत चालताना दिसतात, माझ्या सीटवर बसलेल्या, माझ्या खिडकीतून बघणाऱ्या. असा जळफळाट मला जन्मात कधी झाला नव्हता. हे मी तुझ्याशिवाय कुणाला लिहू? तू तरी माझी आहेस.

अक्का

*

धुळे
९ जानेवारी २०२५

अक्का,

भाविकानं सांगितलं नाही. मी सांगितलं.

तेवीस डिसेंबरला सकाळी तुला लिहिलेलं पत्र पेटीत टाकलं आणि घरी येऊन हेमराजला फोन केला. त्याला म्हटलं, "तुझ्या आईला बागेत चक्कर आली होती, तिला नेणं धोक्याचं आहे. माझं नाव सांगू नकोस, तिला वाईट वाटेल." तो बिचारा घाबरला. पुढे आठ दिवस त्यानं तुझ्यावर लक्ष ठेवलं आणि मग विचारलं. त्यानं माझं नाव राखलं, आणि ते राखताना त्याचं घर मोडलं.

मी काळजीनं फोन केला असं तुला लिहू शकले असते. हेमराजला तसंच सांगितलं होतं. पण फोन ठेवल्यावर मी चहा केला, आणि तो चहा मला फार गोड लागला. काळजीनं फोन करणाऱ्या बाईला चहा असा लागत नाही. तू जाणार नाहीस, एवढ्यानंच मला बरं वाटलं होतं. मी जाणार नव्हतेच. जितेंद्रना पंचवीस वर्षं म्हणतेय, एकदा राजस्थान तरी पाहू. ते म्हणतात, टीव्हीवर दिसतं की. तुला मात्र न मागता मिळालं, आणि वर तू मलाच विचारतेस की टेकडी केवढी असते.

तुझं पत्र मंगळवारी आलं. 'तू तरी माझी आहेस' इथं आले आणि पत्र मिटून ठेवलं.

काल मी एसटीनं चाळीसगावला गेले. बेबाबाईंनी दार उघडलं. भाविका आत दोरीवरचे कपडे काढत होती. तिला समोर बसवून सांगितलं, जसं आता तुला लिहिलं तसंच. बेबाबाईंना पुढे ऐकवेना, त्या उठून आत गेल्या. भाविकानं हातातल्या टॉवेलची घडी घातली. मग म्हणाली, "मावशी, हे फोनवर सांगितलं असतं तरी मला कळलं असतं."

मी म्हटलं, "फोनवर सांगायची सवय वाईट लागली होती."

ती म्हणाली, "तुमचा राग नाही येत. तुम्ही काय, चार दिवसांच्या पाहुण्या. आईंचा येतो. मी त्यांच्यासाठी गावभर फिरून पिवळा रंग शोधला. त्यांनी मला एकदा विचारायचं तरी ना, की भाविका, तू सांगितलंस का? सरळ निकालच लावला."

मी विचारलं, "मग तू का नाही बोललीस?"

"बोलले असते तर रडले असते. बेबाबाईची मुलगी सगळ्यांसमोर रडत नाही."

तिची आई जाणार नाही. त्यांनी आधीच हेमराजला 'मी येत नाही' असं कळवलं होतं, विहीणबाईंच्या जागी बसून मला घास गिळणार नाही म्हणाल्या. तुला हे कुणी सांगितलं नसणार, कारण तुमच्या घरात कुणी बोलतच नाही. मी हेमराजलाही काल सगळं सांगितलं. त्यानं नुसतं "बरं" म्हटलं.

भाविका तिच्या मनानं परत येणार नाही. तू गेलीस तर येईल. ते तुझ्यावर.

माझ्यासाठी काही मागत नाही.

कामिनी

*

धुळे
२४ जानेवारी २०२५

अक्का,

पंधरा दिवस झाले. रोज पोस्टमनची वाट पाहते. शिव्या दिल्यास तरी चालेल, पण लिही. भाविका घरी आली का, एवढंच एका ओळीत कळव.

कामिनी

*

सावदा
३१ जानेवारी २०२५

कामिनी,

भाविका घरी आली. तू मागितलेली ओळ ही. पुढचं मी माझ्या मनानं लिहिते.

तुझं पत्र वाचलं आणि पहिले तीन दिवस मी ते कुणाला दाखवलं नाही. सुनेवर आळ घेतला होता, तो खोटा निघाला याची लाज तुझ्या रागापेक्षा मोठी होती. चौथ्या दिवशी अनवरीला म्हटलं, चल. ती कुठं म्हणाली नाही, बुरखा घालून आली. रेल्वेनं चाळीसगावला गेलो. वाटेत मी काय बोलायचं ते पाठ करत होते. दारात पोचले आणि पाठ केलेलं बठ्ठं विसरले. भाविका पुढे आली. मी म्हटलं, "माझ्या कानाला ऐकू येत नाही हे खरं, पण मी तुला विचारलंच नाही. आता विचारते. येतेस का घरी?"

तिनं काहीतरी उत्तर दिलं. मशीन शिट्टी वाजवत होतं, मला ऐकू गेलं नाही. मी अनवरीकडे बघितलं. ती म्हणाली, "बोल रही है, पहले चाय पियो."

येताना आम्ही तिघी होतो.

हेमराजनं मला भुसावळला डॉक्टरकडे नेलं. बीपीची गोळी उपाशीपोटी घेत होते, त्यानं चक्कर. गोळीची वेळ बदलली, सगळ्या तपासण्या केल्या, आणि डॉक्टरनं कागदावर लिहून दिलं की जायला हरकत नाही. जागा रिकामीच होती. दहा तारखेला निघतो.

म्हणजे तुझ्या फोननं माझं नुकसान झालं नाही असं तू म्हणशील. म्हणू नकोस. मी तुला जे पोटातलं सांगितलं ते तू माझ्या मुलाला विकलंस. चहा गोड लागला हे तू लिहिलंस, ते बरं केलंस. ते लिहिलं नसतंस तर मी पुन्हा कधी पत्र लिहिलं नसतं.

आता माझंही एक खोटं आहे. गुडघ्यांचं. तुझे गुडघे मला माहीत होते, ठणठणीत आहेत. जागा अजून दोन होत्या. हेमराज स्वतः म्हणाला होता, मावशीला विचारू का? मीच नको म्हणाले.

का ते सांगते. तुला आठवतं, नानांनी दोघींतली एकच मुलगी शिकायला धुळ्याला ठेवायची ठरवली. मी मोठी, मी चुलीपुढे हवी होते म्हणून तू गेलीस. सुट्टीत घरी यायचीस आणि अंगणात झोपलो की आभाळाकडे बोट करून नावं सांगायचीस. हा अमका तारा, तो तमका. त्याआधी ते सगळे तारे माझे होते. मी त्यांना माझी माझी नावं दिली होती, रोज बघत होते. तू खरं नाव सांगितलंस की तो तारा तुझा व्हायचा. मग नदीचं तेच, ढगांचं तेच, काळ्या मातीचं तेच. मी म्हणायचे, हो का गं, आणि आतून जळायचे. चाळीस-पन्नास वर्षं जळले. तुला कधी कळलं नाही, कारण मी तुझ्यासारखा कुणाला फोन केला नाही.

तर मला एक गोष्ट तुझ्याआधी बघायची होती. तू शेजारी उभी राहून 'अक्का, याला बारखाण म्हणतात' म्हणायच्या आधी. अनवरीला काहीच माहीत नाही, मलाही नाही. म्हणून अनवरी. तरीपण पहिलं पत्र तुलाच लिहून सगळं विचारलं, हेही खरं. तुला न सांगता मला करमतच नाही. हा माझा मूर्खपणा.

मी परत येईपर्यंत पत्र पाठवू नकोस. कसली माहितीही पाठवू नकोस.

अक्का

*

सावदा
२० फेब्रुवारी २०२५

कामे,

जाऊन आले. तब्येत उत्तम. विमानात कान दुखले. विमानात सगळ्यात जास्त उलट्या कुणाला झाल्या सांगू? हेमराजला.

गाइड सालिम नावाचा, आपल्या हेमराजच्या वयाचा, हिंदी छान बोलायचा. वाळवंट सुरू होतं तिथं त्यानं गाडी थांबवून चाकांतली हवा सोडली, तू लिहिलं होतंस तशी. मग गाडी उतारावर आडवी घातली. अनवरी डोळे मिटून दुआ म्हणत होती. मी मिटले नाहीत. एवढे दिवस ज्यासाठी भांडले ते बघायचं सोडून डोळे काय मिटायचे.

टेकडी आपल्या मामांच्या गावच्या टेकडीपेक्षा मोठी. रंग लालसर, भाजलेल्या हरभऱ्याच्या डाळीसारखा. मी आणि अनवरी तिरक्या चढलो, चवड्यावर. बाकीच्या बाया सरळ चढायला गेल्या आणि दोन पावलं वर, एक पाऊल खाली. आम्ही दोघी सगळ्यांच्या आधी वर पोचलो. सालिम म्हणाला, "अम्मा, आप लोग पहले आए हो क्या?" अनवरी म्हणाली, "तापी में आए हैं."

वर बसलो. कामे, मला वाटलं होतं तिथं काहीतरी भव्य वाटेल. मला नुसतं स्वच्छ वाटलं. सगळं पुसून ठेवल्यासारखं. वाळू वाऱ्यानं हलत होती आणि पायावरून जात होती, पिठासारखी. मी अर्धा तास कुणाशी बोलले नाही. तो अर्धा तास माझा आहे. त्याबद्दल याहून जास्त लिहिणार नाही.

दुसऱ्या दिवशी सूर नावाच्या गावी समुद्र. तिथं लाकडाची मोठी होडी बांधत होते, आपल्या सुतारासारखेच वाकसानं तासत होते. पाणी इतकं निळं, की अनवरीनं हातात घेऊन पाहिलं. ओहोटी होती. मी पिवळा ड्रेस गुडघ्यापर्यंत धरून पाण्यात उभी होते. पाणी मागे गेलं तेव्हा खालच्या वाळूवर रेघा दिसल्या. शेजारी शेजारी, लाटेलाट. अशाच रेघा मी आदल्या दिवशी टेकडीवर पाहिल्या होत्या. तिथं तर पाण्याचा थेंब नव्हता. मी अनवरीला विचारलं, असं कसं? ती म्हणाली, "अल्लाह की कारीगरी." मी हो म्हटलं. सालिमला विचारलं, तो म्हणाला, अम्मा, फोटो काढू का?

तेव्हा मला तुझा राग आला. तू तिथं नव्हतीस याचा राग, आणि तू हवी होतीस याचा त्याहून जास्त. तुला सोडून गेले आणि तिथं पोचल्यावर तुलाच शोधू राहिले. सगळ्या सहलीत मला एवढाच एक प्रश्न पडला आणि त्याचं उत्तर धुळ्याला होतं.

तर सांग. वारा आणि पाणी एकसारख्या रेघा कशा काढतात? पण थोडक्यात लिही.

भाविका बरी आहे. मेमध्ये तारीख आहे. तिला तू आलेली चालणार आहे, मी विचारलं.

तुझी अक्का

*

धुळे
२७ फेब्रुवारी २०२५

अक्का,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा वाचताना टेकडीच्या वर तुम्ही दोघी बसलात तिथं माझ्या पोटात दुखलं. चौथ्यांदाही दुखलं, थोडं कमी. माझा हेवा गेलेला नाही. मला वाटलं होतं माफी मागितली, चाळीसगावला गेले, की तो जाईल. तो आहे. म्हटलं, यावेळी जिचा वाटतो तिलाच लिहावा, दुसऱ्या कुणाला फोन करू नये.

ताऱ्यांचं मला खरंच कळलं नव्हतं. मला वाटायचं, अक्का ऐकतेय, अक्काला आवडतंय. त्या वसतिगृहात मी एकटी होते, तू घरी होतीस, आईच्या हातचं जेवत होतीस. सुट्टीत येताना घरी न्यायला माझ्याकडे तेवढंच असायचं. मी नावं घेऊन यायचे.

रेघांचं उत्तर मला येतं. चार ओळींचं आहे, थोडक्यातच बसेल. पण मी ते आज लिहीत नाही. तू दोन्ही ठिकाणी उभी राहून पाहिलंस. आधी तू मला सांग, टेकडीवरच्या रेघेच्या दोन्ही बाजू सारख्या होत्या का? आणि पाण्यातल्या? हात लावून पाहिलं असशील तर आठव. तुला काय वाटतं ते लिही, चुकलं तरी चालेल. वर्गातल्या मुलींना मी एकतीस वर्षांत असं कधी विचारलं नाही. आकृती काढा म्हटलं आणि पुढे गेले.

मे महिन्यात मी येईन. भाविकाला म्हणावं, मी बाळंतपणाला पंधरा दिवस राहीन आणि तोंड बंद ठेवीन.

पासपोर्टचा अर्ज भरला आहे. जितेंद्र म्हणाले, कुठं निघालीस? मी म्हटलं, अजून ठरलं नाही. पण कुठंही गेले तरी पहिल्यांदा एकटी जाईन, अक्का. तुझ्याबरोबर नाही. तू आता पाहून आलीस, तू शेजारी उभी राहून सांगशील की चवड्यावर चाल. आणि तू सांगितलंस की ती वाळू तुझी होईल.

कामिनी